अंगठ्याचा अपराध कोणता?

वडाच्या पानावर पहुडलेल्या, पायाचा अंगठा तोंडात धरलेल्या बाळकृष्णाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात असते. तिच्यापुढे आपण भक्तिभावाने हात जोडतो. त्याच घरातील तीन वर्षांच्या नातवाने हाताचा अंगठा तोंडात घातला, की मात्र ‘काढ आधी तो बाहेर!’ असा एकच गजर होतो. वडोदऱ्यातील माझ्या दवाखान्यात ही विसंगती मी जवळजवळ तीस वर्षे पाहत आलो आहे. दांडिया बाजारातील मराठी आजी असो वा शेजारच्या गुजराती बा, भाषा निराळी असली तरी उपाय तेच : कडुलिंबाचा रस, कोरफडीचा गर, मिरचीचे बोट, नाहीतर रात्री हाताला बांधलेली कापडी पिशवी.

या अंगठ्याचा अपराध तरी कोणता? चोखणे ही बाळाची जन्मापूर्वीचीच क्रिया आहे. गर्भ अंगठा चोखत असल्याचे सोनोग्राफीच्या पडद्यावर आपण सर्वांनी पाहिले आहे. चोखण्याने भूक भागते, तसेच मनही शांत होते. म्हणूनच लस टोचताना बाळाला छातीशी धरून अंगावर पाजले, तर त्याचे रडणे कमी होते. आई नजरेआड झाली, झोप येऊ लागली, घरात पाहुण्यांची गर्दी झाली, की चिमुकला जीव अस्वस्थ होतो आणि हाताशी असलेले साधन वापरतो. कोणी न शिकवता स्वतःला सावरण्याची त्याने साधलेली ही पहिली कला होय.

जी गोष्ट अंगठ्याची, तीच आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीची. तिचा एक कोपरा नाकाशी धरल्याशिवाय झोप न येणारी मुले घरोघरी आहेत. मूळचे बालरोगतज्ज्ञ असलेले लंडनचे डॉ. विनिकॉट यांनी १९५१ मध्ये वाचलेल्या एका निबंधात अशा वस्तूंचे महत्त्व प्रथम विस्ताराने मांडले. आई म्हणजे आपणच नव्हे, ती वेगळी आहे, हे बाळाला हळूहळू उमगते. त्या अवघड प्रवासात अशी वस्तू त्याला सोबत करते. आपण ती मळकी म्हणून धुऊन टाकतो आणि मूल आकांत का करते, हे आपल्याला समजत नाही. त्याच्या लेखी त्या वस्तूचा ओळखीचा वासच नाहीसा झालेला असतो.

हे सारे मी आज शहाणपणाने लिहीत असलो, तरी एक कबुली दिली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत चार वर्षांच्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. तक्रार अंगठ्याची. मी कडू औषध लावायला सांगितले आणि वर हसत हसत म्हणालो, “एवढी मोठी मुलगी आणि अंगठा? शाळेत सगळे हसतील हं!” पंधरा दिवसांत अंगठा सुटला. आई पेढे घेऊन आली. पुढे काही महिन्यांनी तीच मुलगी पुन्हा आली, तेव्हा ती नखे कुरतडत होती आणि रात्री अंथरूण ओले करीत होती. त्या वेळी कुठे मी विचारपूस केली. धाकट्या भावाच्या जन्मापासून तिचे अंथरूण आईच्या खोलीतून हलवलेले होते. मी अंगठ्यावर उपचार केला होता. मुलीला एक प्रश्नही विचारला नव्हता.

अलीकडे ती स्वतःच्या बाळाला घेऊन आली होती. बोलण्याच्या ओघात म्हणाली, “काका, त्या औषधाची चव मला आठवत नाही. पण तुम्ही सगळे हसला होतात, ते आठवते.” मला उत्तर सुचले नाही.

माझे मत आता स्पष्ट आहे. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात. तोवर घरच्यांनी करण्यासारखे एकच : दुर्लक्ष, पण सवयीकडे, मुलाकडे नव्हे. चौथ्या वर्षानंतरही ती जोरात चालू राहिली, विशेषतः कायमचे दात येण्याच्या सुमारास, तर पुढचे दात बाहेर येण्याची भीती खरी असते. दंतवैद्यक सहकाऱ्यांचा सल्ला तेव्हा अवश्य घ्यावा. परंतु उपाय मुलाला विश्वासात घेऊन व्हावा. त्याच्या हाताला काम द्यावे, अंगठ्याविना गेलेल्या दिवसाचे कौतुक करावे आणि मुख्य म्हणजे त्याला अंगठ्याची गरज केव्हा भासते, हे पाहावे. झोपताना डोलणे किंवा उशीवर डोके आपटणे हेही बहुधा वयाबरोबर ओसरते. मात्र मूल दिवसभर आपल्यातच हरवून डोलत असेल, हाकेला ओ देत नसेल, बोलणे मागे पडले असेल, तर वेळ न दवडता त्याच्या विकासाची तपासणी करून घ्यावी.

पालकांचे बोलणे नीट ऐकले, तर बहुतेकांची चिंता दातांची नसतेच. ‘लोक काय म्हणतील’ याची असते. गंमत म्हणजे तेच पालक तपासणीच्या खोलीत मूल जरा कुरकुरले, की तत्परतेने त्याच्या हाती मोबाइल देतात. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. अंगठा मुलाचा स्वतःचा असतो. हवा तेव्हा तोंडात जातो, मन निवले की बाहेर येतो. मोबाइलचे तसे नाही. तो मुलाला गप्प करतो, पण स्वतःला सावरायला शिकवीत नाही. तरीही अंगठ्याची आपल्याला लाज वाटते आणि मोबाइल चालवणाऱ्या बाळाचे आपण चारचौघांत कौतुक करतो!

सहकारी मित्रांना एवढीच विनंती आहे. अंगठा चोखणारे मूल समोर आले, तर कडू औषधाचे नाव लिहिण्यापूर्वी घरात अलीकडे काय बदलले, ते विचारावे. आणि त्या खोलीत मुलाला कोणी हसणार नाही, याची काळजी घ्यावी.