विद्यापीठाचं सॉफ्टवेअर अडकलं की आष्टीतला विद्यार्थी कुठे अडकतो?

आष्टीत बी.ए. किंवा बी.एस्सी. करणाऱ्या मुलाचं कॉलेज गावात असतं, पण विद्यापीठ असतं छत्रपती संभाजीनगरला. बीड जिल्ह्यातली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि आष्टीपासून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या वर आहे. त्यात गंमत अशी, की आष्टीला जवळचं मोठं शहर म्हणजे अहिल्यानगर. सप्टेंबर २०२२ पासून तिथे रेल्वेही जाते. पण ते पुणे विद्यापीठाच्या हद्दीत! म्हणजे स्वतःच्या विद्यापीठाचं काम निघालं, तर जाताना दुसऱ्या विद्यापीठाच्या गावातून जायचं.

त्यामुळे परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, पुनर्मूल्यांकन हे सगळं मोबाईलवर आलं, याचा सगळ्यात मोठा फायदा आष्टीसारख्या तालुक्याला आहे. एसटीचं भाडं आणि दोन दिवसांचा खाडा वाचतो. आणि ही यंत्रणा कोलमडली तर सगळ्यात जास्त मारही इथेच बसतो. विद्यापीठाच्या शेजारी राहणारा विद्यार्थी परीक्षा भवनाच्या खिडकीवर जाऊन भांडू तरी शकतो.

मग अशी यंत्रणा आणायची कधी, कुणाकडून, आणि ती नीट चालते की नाही हे बघायचं कुणी? महाराष्ट्राने या प्रश्नाची किंमत एकदा मोजली आहे, तीही थेट मुंबईत.

२०१७ च्या उन्हाळ्यात नेमकं काय झालं?

मुंबई विद्यापीठाने ठरवलं, की उत्तरपत्रिका आता कागदावर तपासायच्या नाहीत. त्या स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून गुण द्यायचे. याला ऑनस्क्रीन मार्किंग म्हणतात. कल्पना वाईट नव्हती. गुणांची बेरीज मशीन करतं, गठ्ठे वाहावे लागत नाहीत, पेपर कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळत नाही.

घोळ वेळापत्रकात होता. परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या आणि हे काम करणाऱ्या मेरिटट्रॅक या कंपनीची निवड पक्की झाली एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे लग्नाचं वऱ्हाड दारात आल्यावर आचारी शोधायला निघाल्यासारखं. एखाद्या शाखेपासून सुरुवात करून पुढे जायचं सोडून सगळ्या शाखा एकाच सत्रात घेतल्या. उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांहून अधिक.

आता थोडा हिशेब करू. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लागायला हवा. १७ लाख भागिले ४५ म्हणजे दिवसाला जवळपास ३८ हजार उत्तरपत्रिका, रविवारची सुट्टी न धरता. आधी स्कॅनिंग, मग तपासणी. हे गणित टेंडर काढण्याआधी कागदावर मांडता आलं असतं.

पुढचं बऱ्याच जणांना आठवत असेल. निकाल लांबले. राज्यपाल आणि कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. काहींच्या उत्तरपत्रिका सापडेनात, काही जण परीक्षा देऊनही गैरहजर दिसले. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश टांगणीला लागले, प्रकरण हायकोर्टात गेलं. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

पण इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पडद्यावर पेपर तपासायची तीच पद्धत मुंबई विद्यापीठात पुढच्या वर्षांतही सुरू राहिली. मग तंत्रज्ञानच बिनकामाचं होतं असं कसं म्हणणार? नियोजन आणि देखरेख कमी पडली होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. केंब्रिज विद्यापीठाने ऑगस्ट २००० मध्ये हिशेबाची नवी ऑनलाईन यंत्रणा सुरू केली. नाव होतं कॅप्सा. विभागांना आपल्या खात्यात किती पैसे उरलेत ते कळेना, बिलं रखडली. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठाची ही गत! फरक त्यानंतर दिसतो. विद्यापीठाने बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडून चौकशी करून घेतली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तो अहवाल आपल्याच गॅझेटमध्ये छापला. नियोजन कच्चं होतं, वापरणाऱ्यांना नीट विचारलं नव्हतं, वरच्या मंडळींची देखरेख ढिली होती, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आपल्याकडे देखरेख कुणी करायची?

कायद्यात याचं उत्तर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ ला लागू झाला, म्हणजे मुंबईतल्या गोंधळाच्या तोंडावरच. या कायद्याने प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ ठेवलं आहे. सॉफ्टवेअर निवडणं, बसवणं आणि वापरणं हे व्यावसायिक पद्धतीने व्हावं, यासाठी हे मंडळ आहे. शिक्षण, परीक्षा, वित्त, प्रशासन, शिवाय संलग्न कॉलेजं, हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. म्हणजे आष्टीचं कॉलेजसुद्धा.

मंडळ असणं वेगळं आणि त्याने योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणं वेगळं. हे प्रश्न टेंडरच्या आधी विचारायचे असतात. नवी यंत्रणा बंद पडली तर जुनी किती दिवस चालू ठेवणार? कंपनीला पैसे सॉफ्टवेअर दिल्याबद्दल मिळणार, की निकाल वेळेत लागल्याबद्दल? कंत्राट संपल्यावर विद्यार्थ्यांची माहिती विद्यापीठाच्या हातात कुठल्या स्वरूपात येणार? हा शेवटचा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण दहा वर्षांनी नोकरीसाठी गुणपत्रिकेची पडताळणी लागते, तेव्हा सगळं त्यावरच अडतं.

आणि चाचणी कुठे घ्यायची? बहुतेकदा ती विद्यापीठाच्या आवारात, चांगल्या इंटरनेटवर, माहीतगार माणसांसमोर होते. आष्टीतलं चित्र वेगळं असतं. इथे अनेक मुलं परीक्षेचा अर्ज झेरॉक्सच्या दुकानात किंवा ऑनलाईन सेंटरवर बसून भरतात. ओटीपी येतो तो घरच्या फोनवर. आष्टी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. हिवाळी परीक्षांच्या अर्जांचे दिवस आणि साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाची सुरुवात जवळपास एकाच सुमारास येते. नोंदवलेला नंबर वडिलांचा असेल आणि वडील टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या फडात असतील, तर दहा मिनिटांत संपणारा ओटीपी पोरीपर्यंत पोहोचायचा कसा? विद्यापीठाच्या आवारातल्या चाचणीत हा प्रश्न समोरच येणार नाही. आष्टीत एक दिवस घालवला तर दुपारपर्यंत कळेल.

हे आत्ताच का महत्त्वाचं आहे?

कारण एकामागून एक नव्या यंत्रणा येत आहेत. विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा करणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स यूजीसीने २०२१ मध्ये आणली. ती अपार आयडी आणि डिजिलॉकरशी जोडलेली आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची समर्थ ही प्रणालीही राज्यातल्या विद्यापीठांत येत आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषय निवडीचे पर्याय वाढले, म्हणजे प्रत्येक मुलाची नोंद वेगळी. आधी एका वर्गाची यादी चुकायची, ती कॉलेजचा क्लार्क फोन करून दुरुस्त करून घ्यायचा. आता आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव एका अक्षराने जुळलं नाही, तरी गाडं अडू शकतं, आणि क्लार्कच्या हातात फारसं काही उरत नाही.

सामान्य माणसाला यात दोन ठिकाणी शिरकाव आहे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो आणि तिथे नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य बसतात. आष्टीतला पदवीधरही नाव नोंदवून मतदान करू शकतो आणि निवडून आलेल्याला सॉफ्टवेअरवरच्या खर्चाचा हिशेब विचारायला लावू शकतो. दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. कंपनीशी झालेला करार, चाचणीचा अहवाल, माहिती तंत्रज्ञान मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त, यातलं काहीही मागता येतं. महाराष्ट्रातल्या नियमानुसार अर्ज १५० शब्दांत बसवायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. आणि हा अर्ज आष्टीच्या पोस्टातूनही जातो, ओटीपी लागत नाही.