खाली सागवान आहे हो!

मंगळवारपासून आमच्या गॅलरीत एक पॉलिशवाला बसलाय आणि जिन्यावरून जाणारा-येणारा प्रत्येक जण डोकावून एकच वाक्य टाकतोय, "अहो, खाली सागवान आहे हो!" जसं काही आमच्या तीन पिढ्यांनी ते दडवून ठेवलं होतं.

प्रकरण आहे आमच्या जाळीच्या कपाटाचं. ज्यांनी ते पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी सांगतो. दारांना बारीक तारेची जाळी, म्हणजे आतल्या दुधाला वारा आणि मांजराला नुसता वास. चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. गोदरेजने १९५८ मध्ये देशी फ्रिज काढला खरा, पण आमच्या स्वयंपाकघरात तो पोचेपर्यंत मी कॉलेजात गेलो होतो. तोवर साय, विरजण, रात्रीची आमटी आणि लाडवांचा डबा, सगळ्यांचा मुक्काम त्या कपाटात. वाट्यांतलं पाणी बदलणं हे माझं काम. जाळीच्या डाव्या कोपऱ्यात एक बोट जाईल एवढं भोक आहे. ते घरात कायम मांजराच्या नावावर खपलं. मांजराला बेसनाचे लाडू आवडत नाहीत, एवढंच बोलून मी तो विषय सोडतो.

तर जाळी बदलायची आणि लटपटणारा एक पाय घट्ट करायचा, एवढ्याचसाठी माणूस बोलावला होता. त्याने आल्या आल्या दाराला पत्री लावली. हिरवा पापुद्रा निघाला, त्याखाली आकाशी, त्याखाली चॉकलेटी, आणि मग ते सागवान. (जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम लागू झाला थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. तेव्हा असला रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा आणि पोरांना लांब ठेवा. हे ऐकून पॉलिशवाला हसला, पण नाकाला रुमाल बांधला.)

"काका, लाखेचं फ्रेंच पॉलिश मारतो. चपडा स्पिरिटात विरघळवून बोळ्याने दहा-बारा हात. काचेसारखं चमकेल."

मला ते चमकायला नकोय, हे मी कुणाला समजावू? लाखेबद्दल माझी तक्रार नाही. झारखंडातल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवर एवढासा किडा ती तयार करतो, जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा त्याच लाखेच्या. पण आमचं कपाट हिरवं होतं. खिडक्या रंगवून डब्याच्या तळाला जो ऑइलपेंट उरेल तो वाया जाऊ नये म्हणून बाबा कपाटाला फासायचे. त्यामुळे कपाट, खिडक्या, मोरीचं दार आणि जेवायचे दोन पाट, सगळ्यांचा रंग एक. ब्रशचा एक केस दाराच्या रंगात अडकून तसाच वाळला होता. जेवताना मी तो नखाने उकरत बसायचो. पत्रीच्या पहिल्या फटक्यात तो गेला. आता जे सागवान निघालंय ते उत्तम असेल, पण माझी त्याची ओळख नाही.

"मग अँटिक लुक देऊ? हल्ली हॉटेलवाले तसंच मागतात," पॉलिशवाला म्हणाला. म्हणजे खरोखरीचं जुनं आधी खरवडून काढायचं आणि वर खोटं जुनं फासायचं, त्याचे पैसे वेगळे.

एवढ्यात आमच्या हिने कपाटाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. माळ्यावर धूळ खात होतं तेव्हा त्याची आठवण कुणाला आली नव्हती. सागवान दिसताच दोन चुलतभावांना आजीने ते आपल्यालाच द्यायचं कबूल केल्याचं आठवलं. मग नाशिकहून आत्याचा फोन. मला वाटलं, हिला तरी हिरव्याचं दुःख कळेल.

"हिरवं कुठलं रे? कपाट आकाशी होतं! तुझ्या बापाने हिरवं फासून त्याची रया घालवली. करतोच आहेस तर आकाशी कर."

फोन स्पीकरवर होता. पॉलिशवाल्याने सगळं ऐकलं, उघड्या पडलेल्या दाराकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काका, डावं दार तुमचं आणि उजवं आत्याबाईंचं करू का? दोन रंगांचा रेट मात्र वेगळा पडेल."

चॉकलेटी रंगाचा कुणी वारस अजून पुढे आलेला नाही.