एकच मजकूर सगळीकडे?



मोर्च्याचे आवाहन असो, शिबिराचा निरोप असो की एखाद्या बाईवरच्या अत्याचाराची बातमी, हल्ली आपण मजकूर एकदाच लिहितो आणि तोच व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळीकडे टाकून मोकळ्या होतो. हाताशी माणसे कमी, वेळ त्याहून कमी, हे मला समजते. तरीही ही सवय सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे तर चळवळीला हे शिकवायला नको. मथुरा खटल्याच्या निकालावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये बायका त्याच प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या. न्यायालयाला लिहायची भाषा वेगळी, वस्तीतल्या पथनाट्याची वेगळी, हे तेव्हा कुणी सांगावे लागले नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट आपल्याला आपले माजघर वाटतो. पण साध्या गटात प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. मदत मागायला आलेल्या बाईला न विचारता दोनशे जणींच्या गटात घेणे म्हणजे तिचा नंबर दोनशे घरांत वाटणे. ‘घरांत’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपल्या कितीतरी मैत्रिणींचा फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो. रात्री नऊ वाजता ‘उद्या तारखेला कोर्टात येणार ना?’ हा निरोप आधी कोण वाचणार? आवाजी निरोप लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला सोयीचा, पण तो घरात मोठ्याने वाजतो. तिला कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत निरोप चालेल हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. जाहीर सूचनांसाठी ब्रॉडकास्ट यादी बरी. तिथे एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. मात्र आपला नंबर जिने साठवलेला नाही तिला तो निरोप पोचत नाही. (आणि रोज सकाळचे गुलाब व सुविचार! त्यांच्याखाली मोर्च्याची वेळ गाडली जाते, हे ज्येष्ठ मैत्रिणींनी रागावून का होईना ऐकावे.)

फेसबुकवर सासर, माहेर, शेजार सगळे हजर असतात. तिथे सविस्तर लिहावे, पण उत्तरे द्यायला दोघी तयार असतील तेव्हाच. ट्विटर, म्हणजे २०२३ पासूनचे एक्स, हे पोलीस, मंत्री आणि पत्रकार यांच्यापुढे मागणी ठेवण्याचे ठिकाण. तिथे ठिकाण, तारीख आणि मागणी एवढेच थोडक्यात मांडावे, तेही संघटनेच्या खात्यावरून. एकट्या तरुण कार्यकर्तीला तिच्या नावानिशी पुढे केले तर शिव्या आणि धमक्या तिच्या एकटीच्या वाट्याला येतात. इन्स्टाग्रामवर मुली आहेत आणि त्या आपली ठरावाची भाषा वाचत नाहीत. मला त्यांचे बरोबर वाटते. पण तिथे फोटो लागतो, आणि ‘अंकात छापू का?’ याला हो म्हणणारी बाई इन्स्टाग्रामला हो म्हणालेली नसते. प्रत्येक ठिकाणासाठी तिला पुन्हा विचारायचे.

बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वीचे कलम २२८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ झाले आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची आहे. नुसते नाव गाळून भागत नाही. जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही माहिती देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. गाव, शाळा आणि बापाचा धंदा एकत्र लिहिला की तालुक्याला कळतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातल्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. तिचे नाव आणि फोटो इतके फिरले की ते काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. फिरवणाऱ्यांत तिच्यासाठी न्याय मागणारेही होते.

जिच्याकडे स्वतःचा फोनच नाही, तिच्यापर्यंत तुम्ही कशा पोचता ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. आमच्याकडे अजून तरी बचतगटाच्या बैठकीच्या दिवशी शेजारणीकडून तोंडी निरोप, एवढाच मार्ग आहे.