पाण्याखालील चित्र आणि चित्र घेणारा

गतवर्षीं दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्या आठवड्यांत इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक छायाचित्र आणून दाखविलें. तो आपल्या आईबापांबरोबर मालवणास गेला होता, आणि तेथें किल्ल्याजवळच्या पाण्यांत पाणबुड्याचा मुखवटा लावून उतरला होता. चित्रांत तो मोठ्या ऐटीनें उभा होता. भोंवतीं पट्ट्यापट्ट्यांचे मासे जमले होते, आणि त्याच्या तळहातावर एक तारामासा होता. चित्र सुरेख होतें. आम्हीं मुलाची पाठ थोपटली, तें चित्र शाळेच्या फलकावर लाविलें, आणि त्याखालीं 'आमचा धाडसी विद्यार्थी' असे शब्द लिहिले. तीन आठवडे तें तेथें होतें. मग एके दिवशीं मधल्या सुटींत, कोळ्यांच्या वस्तींतून शाळेस येणारी नववींतील एक मुलगी फलकापुढें बराच वेळ उभी असलेली आम्हीं पाहिली. तिनें आम्हांस विचारिलें, "सर, ह्याच्या पायाखालीं काय आहे?"

आम्हीं चष्मा सांवरून पाहिलें. मुलगा पोवळ्यावर उभा होता. ज्यास आम्ही इतके दिवस खडक समजत होतों, तो खडक नव्हता. अगणित सूक्ष्म जीवांनीं मिळून बांधिलेलें तें घर होतें. मुलास बोलावून विचारितां त्यानें सर्व सरळपणें सांगितलें. मासे जमावेत म्हणून बिस्किटें चुरून टाकिलीं होतीं. तारामासा वाटाड्यानें तळावरून उचलून त्याच्या हातांत दिला होता. आणि चित्र हालूं नये म्हणून 'खडकावर' पाय रोवून उभें राहावें, असें त्यास पाण्यांत उतरण्यापूर्वींच बजाविलें होतें. यांत मुलाचा अपराध नाहीं. त्यानें सांगितलें तसें केलें. अपराध असलाच तर तो आमचा होय; कारण वर्गांत जीवशास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस जें दिसलें नाहीं तें एका मुलीस दिसलें, आणि जेथें चार शब्द समजावून सांगावयाचे तेथें आम्हीं स्तुति केली.

या प्रसंगानें आम्हांस पुष्कळ विचार करावयास लाविलें. पाण्याखालील छायाचित्रण ही विद्या उत्तम आहे, असेंच आमचें मत आहे. तें आधींच सांगून टाकितों, म्हणजे गैरसमज राहावयाचा नाहीं. परंतु ही विद्या चांगलें यंत्र विकत घेतल्यानें येत नाहीं, आणि ती एकट्यादुकट्यानें न शिकतां जाणत्या मंडळींत शिकावी, एवढें आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावयाचें आहे.

या विद्येचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. सन १८५६ त विल्यम थॉम्प्सन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें वेमथच्या उपसागरांत एका पेटींत कॅमेरा घालून तो होडींतून सुमारें १८ फूट खोल सोडिला. पेटींत पाणी शिरलें, तरीहि कांचेवर अंधुक असें चित्र उमटलेंच. स्वतः पाण्यांत उतरून चित्रें घेण्याचा उद्योग लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८९३ त भूमध्य समुद्राच्या कांठीं बान्यूल येथें आरंभिला. कॅमेऱ्याच्या पेटीच्या कामीं त्यास त्याच्या भावानें साहाय्य केलें. अंगावर पाणबुड्याचा अवजड पोशाख असे, आणि कधीं कधीं एकेका चित्रासाठीं अर्धा तासपर्यंत तळावर थांबावें लागे. १९२६ त अमेरिकेंतील फ्लॉरिडाजवळच्या समुद्रांत लॉंगली व मार्टिन या दोघांनीं पाण्याखालील पहिलीं रंगीत चित्रें घेतलीं, तेव्हां उजेडाकरितां पाण्यावर तराफा तरंगवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली. पुढें १९४३ त कूस्तो व गान्याँ यांनीं पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळेपणीं पोहण्याचें साधन सिद्ध केलें. १९६३ त जपानच्या निकॉन कंपनीनें 'निकोनॉस' हा कॅमेरा विक्रीस आणिला. फ्रान्समध्यें निघालेल्या 'कॅलिप्सो' कॅमेऱ्यावरून तो घेतला होता, आणि वेगळ्या पेटीवांचून तो पाण्यांत चाले. निकोनॉसचें उत्पादन २००१ त थांबलें. आज तळहाताएवढा कॅमेरा पारदर्शक पेटींत घालून शाळकरी मूलहि पाण्यांत नेतें.

यंत्र लहान झालें, परंतु पाण्याचे नियम बदलले नाहींत. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. पेटीच्या झांकणाभोंवतीं जें रबराचें कडें असतें, त्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी त्या फटींतून पाणी आंत शिरतें व हजारों रुपयांचें यंत्र क्षणांत निकामी होतें. म्हणून जाणते लोक तें कडें प्रत्येक वेळीं निरखून पुसतात, आणि पेटी आधीं रिकामीच बुडवून पाहतात. पाण्यांत तांबडा रंग सर्वांआधीं नाहींसा होतो. स्वच्छ समुद्रांतहि ५ मीटरांवर तो फिका पडतो, १० मीटरांच्या पुढें जवळजवळ उरतच नाहीं, आणि तांबडा मासा काळसर दिसूं लागतो. तो रंग परत आणावयाचा तर सोबत दिवा हवा. पण दिवा भिंगाच्या अगदीं शेजारीं धरिला तर पाण्यांतील गाळाचे कण उजळतात, आणि चित्रावर पीठ भुरभुरल्यासारखें दिसतें. यास्तव दिवे लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंस लावितात. सपाट कांचेंतून पाहतां वस्तु खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर भासते व मोठी दिसते. म्हणून विस्तृत देखाव्यासाठीं घुमटाच्या आकाराची कांच वापरितात. आणि सर्वांत मोठा नियम हा, कीं भिंग कितीहि मोलाचें असो, मधलें पाणी जितकें कमी तितकें चित्र स्वच्छ. म्हणजे चित्र हवें तर जवळ गेलें पाहिजे.

खरी परीक्षा येथेंच आहे. जवळ जाऊन, कशासहि स्पर्श न करितां, न बुडतां व न तरंगतां, केवळ श्वासाच्या बळावर पाण्यांत स्थिर राहणें ही पाणबुड्याची मुख्य कला होय. ज्यास ती येत नाहीं तो पाय टेकितो, हातानें धरितो, पंखांनीं गाळ उडवितो. पोवळ्याच्या घट्ट, गोलाकार जाती वर्षाकांठीं बहुधा सेंटीमीटरभर वाढतात. जें एका टांचेखालीं मोडलें तें भरून येण्यास मुलाचें सारें शालेय आयुष्य पुरावयाचें नाहीं. शिवाय स्वतःच्या जिवाचाहि प्रश्न आहे. ज्याचे डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिळले, त्याचें लक्ष हवेच्या कांट्यावर राहत नाहीं. टाकींतील हवा घेऊन १० मीटरांवर भरलेली छाती, श्वास कोंडून, तशीच पृष्ठभागावर आणिली तर आंतील हवा दुप्पट जागा व्यापूं पाहते, आणि फुप्फुस फाटण्याचा प्रसंग येतो. म्हणूनच 'श्वास कधींहि कोंडूं नये' हा या शिक्षणांतील पहिला धडा असतो. ज्यास हा धडा अंगवळणीं पडला नाहीं त्याच्या हातीं पाण्याखालीं कॅमेरा देणें, म्हणजे नुकतीच सायकल शिकणाऱ्याच्या दोन्ही हातांत छत्र्या देण्यासारखें आहे.

कोणी म्हणतील, याला कायदा आहे. आहे खरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं पोवळीं व समुद्रघोडे यांस संरक्षण आहे, आणि मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ त जाहीर झालें. परंतु समुद्राच्या तळाशीं शिपाई उभा करितां येत नाहीं. तेथें जो काय पहारा व्हावयाचा, तो उतरणाऱ्यांनींच एकमेकांवर ठेविला पाहिजे. आणि या कामीं पाणबुड्यांचे मेळावे फार उपयोगी पडतात, असें आमचें मत आहे.

इंग्लंडांत १९६७ त 'ब्रिटिश सोसायटी ऑफ अंडरवॉटर फोटोग्राफर्स' ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकीं पीटर स्कून्स यांनीं पुढें बीबीसीच्या समुद्रविषयक चित्रमालिकांसाठीं काम करून कीर्ति मिळविली. या संस्थेच्या एका मेळाव्यास 'स्प्लॅश-इन' असें नांव आहे. ठरलेल्या दिवशीं सर्वांनीं पाण्यांत उतरावयाचें, आणि त्या दिवसाचीं चित्रें त्याच दिवशीं सर्वांपुढें मांडावयाचीं, अशी त्याची रीत. ही रीत आम्हांस फार आवडते. दिवस एक, समुद्र एक; त्यामुळें दूरदेशीं जाऊन महागडीं चित्रें आणण्याची चढाओढ तेथें चालत नाहीं. शिवाय आपण चित्र कसें घेतलें हें शेजारीं पोहणाऱ्यानें पाहिलेलें असतें. ज्यानें प्राण्यास डिवचून चित्र साधिलें, त्यास संध्याकाळीं त्याच मंडळींत बसावयाचें असतें. अशी लाज कोणत्याहि दंडापेक्षां मोठी होय. प्राण्यास छळून घेतलेलें चित्र बाद करावें, असा नियम आतां कित्येक स्पर्धांनींहि केला आहे.

दुसरा मेळावा सफाईचा. १९८६ त अमेरिकेंतील टेक्सासच्या किनाऱ्यावर कचरा वेंचण्याचें व त्याची मोजदाद करण्याचें एक काम सुरू झालें. तें आज अनेक देशांत पसरलें असून दरवर्षीं सप्टेंबरांत होतें. त्यांत पाणबुडेहि सामील होतात, आणि तळावरील तुटकीं जाळीं, बाटल्या, दोऱ्या वर काढितात. अशा प्रसंगीं कॅमेऱ्याचा उत्तम उपयोग होतो. आधीं तळ कसा होता व नंतर कसा झाला याचीं दोन चित्रें शेजारींशेजारीं ठेविलीं, तर तीं कोणत्याहि व्याख्यानापेक्षां अधिक बोलतात.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं लोक समुद्राच्या तळाचीं चित्रें पाहतील तेव्हांच त्यांस त्याविषयीं प्रेम वाटेल. मग चित्र घेणाऱ्यास इतके निर्बंध कशाला? प्रेम वाटेल हें आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्या फलकावरील चित्रानें तीन आठवडे शेंकडों मुलांस काय शिकविलें? पोवळें हें उभें राहावयाचें ठिकाण आहे, आणि मासे बिस्किटें खातात! खोटें चित्र खोटें प्रेम शिकवितें.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांचें पोट आज या धंद्यावर चालतें; गिऱ्हाईक जें मागेल तें न दिलें तर तें शेजारच्या होडींत जाऊन बसेल. हें खरें आहे, आणि म्हणूनच आम्ही त्या वाटाड्यास दोष देत नाहीं. तारामासा हातांत हवा ही मागणी त्याची नव्हती, ती आमच्यासारख्या शहाण्यासुरत्यांची होती. पोवळें मेलें कीं त्याच्या आश्रयाचे मासे जातात, मासे गेले कीं पाहुणे जातात, आणि मग होडी रिकामी राहते. तेव्हां पाहुण्यानें आपली मागणी बदलावी, हेंच होडीवाल्याच्या हिताचें आहे. 'आम्हांस कांहीं उचलून देऊं नका, खाणें टाकूं नका. जें आहे तें दाखवा', इतकें बोलण्यास पालकांस पैसा पडत नाहीं.

सारांश, आमचें पालकांस सांगणें असें: मुलानें पाण्याखालील कॅमेऱ्याचा हट्ट धरिल्यास त्यास आधीं पोहण्यास शिकवावें, मग रीतसर शिक्षण देणाऱ्या केंद्रांत पाणबुड्याची विद्या शिकूं द्यावी, असें एक केंद्र महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्ली येथेंच चालविलें आहे. कॅमेरा त्यानंतर. तोंपर्यंत ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांपाशीं बसून, पाण्यांत हात न घालतां, साध्या कॅमेऱ्यानें चित्रें घ्यावींत; भिंगामागचा धीर तेथेंहि शिकतां येतो. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें, कीं चित्राखालीं स्थळ व तारीख लिहितां तसें 'कशासहि स्पर्श केला नाहीं' हेंहि लिहितां येईल असेंच चित्र आणावें. पुढील वर्षापासून आमच्या फलकावर असेंच चित्र लागेल, आणि तसा मेळावा ओहोटीच्या एका दिवशीं शाळेनें भरवावा अशी आमची इच्छा आहे.

राहिलें तें जुनें चित्र. तें आम्हीं काढून टाकिलें नाहीं. मुलगा थोडा हिरमुसला होता, परंतु आम्हीं आपली चूक वर्गापुढें कबूल केल्यावर त्यानेंच येऊन सांगितलें, "सर, चित्र राहूं द्या, पण खालचें वाक्य बदला." आम्हीं आपले शब्द खोडिले, आणि त्या ठिकाणीं त्यानें स्वतःच्या अक्षरांत त्या मुलीचा प्रश्न लिहिला. आतां फलकापुढें थांबणारें प्रत्येक मूल प्रथम चित्रांतील पायांकडे पाहतें.