कंपनी फिटेड की बाहेरचं?

रात्री साडेअकराला डॅलसहून दादाचा व्हिडिओ कॉल. दादा माझा मावसभाऊ. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, मनाने पक्का गॅरेजवाला. ‘झोपू नकोस, बघ!’ स्क्रीनवर १९७२ची शेव्हरोले सी-१० पिकअप, बॉनेट उघडं. विकणारे आजोबा सांगत होते, इंजिन ओरिजिनल. भावही त्याच हिशोबाने. दादाची वर्षभराची बचत पणाला, आणि एक्स्पर्ट कोण? तर मी, जिला स्कूटीचा प्लग बदलता येत नाही! तो टॉर्च मारणार, मी लॅपटॉपवर शोधणार.

पण बॉस, फंडा सोपा आहे. तिकडे ज्याला ‘स्टॉक’ म्हणतात, ते आपलं ‘कंपनी फिटेड’. नंतर बाहेरून आणून बसवलं, ते ‘आफ्टरमार्केट’. चकाकी बघायची नाही, धातू बघायचा.

पहिलं हत्यार म्हणजे फ्रिजवरचा लोहचुंबक. या गाडीच्या इंजिनात कार्बोरेटरखालचा इनटेक मॅनिफोल्ड कंपनीने बिडाचा दिलेला. आजीचा बिडाचा तवा आठवा, तेच बीड. चुंबक चिकटायला हवा. दादाचा घसरला. अॅल्युमिनियम! तेलकट थर पुसला, तर खाली नाव ‘एडलब्रॉक’. बाहेरचा. कंपनीच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरची पुढची दोन भोकं लहान, मागची दोन भलीमोठी असतात. इथे चारही जवळपास सारखी. तोही बाहेरचा. एक्झॉस्टला बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी वेल्ड केलेल्या नळ्या, म्हणजे हेडर्स. बाहेरचेच.

असू देत. हे सगळं पाना घेऊन कुणीही बदलतं. खरी जन्मकुंडली ब्लॉकवर. मागे, गिअरबॉक्स जोडतात तिथे, ड्रायव्हरच्या बाजूला ओतीव नंबर होता ३९७००१०. ३५० क्युबिक इंची, म्हणजे ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनांत सर्रास सापडणारा हा ब्लॉक १९६९ ते १९७९मधला. पलीकडच्या बाजूला ‘सी ९ ८’. सी म्हणजे तिसरा महिना मार्च, ९ तारीख, ८ हा वर्षाचा शेवटचा आकडा. १९६८ की १९७८? हा नंबरच १९६९च्या आधी नव्हता, म्हणजे १९७८. गाडीपेक्षा इंजिन सहा वर्षांनी धाकटं! दादाने केशरी रंग जरा खरवडला, तर खाली निळा. शेव्हरोलेची इंजिनं निळी झाली १९७७पासून. केस क्लोज्ड.

दादाने आजोबांना तो आकडा दाखवला. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. आधीच्या मालकाने त्यांनाही ‘ओरिजिनल’ म्हणूनच विकली होती. भाव त्यांनी स्वतःच उतरवला. दादाने गाडी घेतली, त्याच इंजिनासकट. उत्तम चालतं ते.

बाहेरचा पार्ट म्हणजे वाईट पार्ट नव्हे. फक्त त्याला कंपनीचा भाव द्यायचा नाही. जुनी गाडी बघायला जाताय? चुंबक खिशात टाका. माणसांना लावून बघू नका, तिथे तो चालत नाही!