पिल्लू सुटेल असे जाळे

जवळ्याच्या वाट्यातून नखाएवढी मासळी निवडून काढणे पेण-रोह्यातल्या घरांना नवे नाही. त्या निवडलेल्या मासळीत पापलेटचे पिल्लू निघते, तेव्हा पुढच्या हंगामातला एक मासा कमी झालेला असतो. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही दिला. नियम योग्यच आहे. पण पट्टी लागते ती बंदरावर, आणि तोवर पिल्लू मेलेले असते.

धरमतरच्या खाडीत आणि कुंडलिकेच्या मुखाकडे चालणारे डोलजाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी धरते. ते तळ खरवडत नाही, माशामागे डिझेल जाळत धावत नाही. त्यामुळे डोल बंदच करा, ही मागणी आम्हाला मान्य नाही. दोष आहे तो शेवटच्या खोल्याच्या, म्हणजे टोकाच्या पिशवीच्या, बारीक आसाचा (छिद्राचा), आणि जवळ्यासाठी तो बारीकच लागतो. सरसकट मोठा केला तर जवळा निसटेल आणि मार कोळ्याच्या पोटावर बसेल. म्हणून जवळ्याचा हंगाम सरला की मोठ्या, चौकोनी आसाचा वेगळा खोला लावावा. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ताण पडताच मिटतो. चौकोनी उघडा राहतो, पिल्लाला वाट देतो.

मासेमारी बंद न करता साधन बदलणे कुप्याच्या (टुनाच्या) मासेमारीत घडले आहे. मासे गोळा करण्यासाठी सोडलेल्या तराफ्यांखालच्या जाळ्यांत कासवे आणि मुशी गुरफटत. हिंदी महासागर टुना आयोगाने तराफ्यांना जाळी लावायलाच मनाई केली.

खोल्याचा खर्च सरकारने उचलावा. कासव किंवा देवमासा सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्याला २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कापलेल्या जाळ्याचे पैसे देता येतात, तर सुधारलेल्या जाळ्याचेही देता येतील.

फाटक्या नायलॉनचेही तसेच. सुताची जाळी कुजून जात. नायलॉनचा तुटका तुकडा पाण्यात राहून वर्षानुवर्षे मासळी मारतो. तो बंदरावर वजनावर विकत घ्यावा, म्हणजे खाडीत फेकला जाणार नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर कडक नजर हवीच. नाहीतर जाळ्यातून सुटलेले पिल्लू कुंडलिकेत जगणार कुठे?

जून-जुलैच्या बंदीत जाळी दुरुस्तीला किनाऱ्यावर येतात. खोले बदलायचे ते तेव्हाच. त्यासाठीचा निधी मे संपण्याआधी मच्छीमार सोसायट्यांच्या हाती पडला पाहिजे.