एक-शून्य-एकच्या पलीकडे

केमो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सलाइनचा स्टँड, हॉस्पिटलची कॉट, पिक्चरमधली डोक्याला स्कार्फ बांधलेली हिरॉइन. बॉस, हे चित्र आता अर्धंच खरं आहे. कॅन्सरची बरीच औषधं हल्ली गोळीच्या रूपात येतात. ना नर्स, ना ड्रिप. किचनच्या फडताळात, डोकेदुखीच्या गोळ्यांना खेटून ती पडलेली असतात. आणि ती आणतं कोण? तुम्ही-आम्हीच. ऑफिस सुटल्यावर मेडिकलमध्ये डोकावून, नाहीतर मीटिंग चालू असताना टेबलाखाली मोबाइल धरून.

प्रकार तसा नवा नाही. ल्युकेमियावरची मरकॅप्टोप्युरिन ही गोळी अमेरिकेत १९५३ पासून आहे. पण गोळीला ग्लॅमर आलं ते इमॅटिनिबमुळे. २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी आणि त्याच महिन्यात 'टाइम'च्या कव्हरवर फोटो! आपल्याकडे ती गाजली कोर्टात. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तिचं पेटंट फेटाळलं आणि महिन्याला लाखाच्या वर जाणाऱ्या ब्रँडेड गोळीसमोर काही हजारांत मिळणारी जेनेरिक गोळी टिकून राहिली. झकासच झालं. लोच्या एवढाच, की गोळी घरी आली, पण हॉस्पिटलातली शिस्त काही तिच्याबरोबर आली नाही.

गेल्या वर्षी माझ्या मावशीला आतड्याच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिन सुरू झालं. प्रिस्क्रिप्शन घेऊन मी गेले. काउंटरवर माझ्याच वयाची एक फार्मासिस्ट होती. तिने स्ट्रिप्स काढल्या, पण हातात देईना.

"पेशंट कोण, मॅडम?"

"मावशी."

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांना? फिट्सची? व्हिटॅमिन्स वगैरे?"

मागे खोकल्याचं औषध घ्यायला आलेले काका चुळबुळ करायला लागले. मी मावशीला फोन लावला. रक्ताची गोळी नव्हती, पण शेजारच्या काकूंनी 'अशक्तपणावर सॉल्लिड' म्हणून दिलेली एक गोळी ती रोज घेत होती. त्यात फॉलिक ॲसिड. फार्मासिस्ट म्हणाली, "फॉलिक ॲसिडने या औषधाचा त्रास वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे घेऊ नका." आणि तिथूनच तिने डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन केला. मग पाकिटाच्या मागे लिहून दिलं: चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. सकाळ-संध्याकाळ, खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल नाही. जुलाब वाढले किंवा तळहात-तळपाय लाल होऊन आग व्हायला लागली, तर कळ काढत बसायचं नाही, फोन करायचा.

या तळहातांचा एक किस्सा ऐका. डिसेंबर २००८ मध्ये सिंगापूरचे ६२ वर्षांचे एक गृहस्थ नातेवाइकांना भेटायला अमेरिकेला गेले आणि इमिग्रेशनवाल्यांनी त्यांना चार तास अडकवून ठेवलं. का, तर मशीनला बोटांचे ठसेच सापडेनात. कॅपेसिटाबिनने कातडी सोलवटून ठसे पुसट झाले होते! आपल्याकडे अंगठा लावल्याशिवाय सिमकार्डसुद्धा मिळायची मारामार, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

आता मला खरंच टेन्शन देणारी गोष्ट. मेडिकलमधलं खाकी पाकीट आठवा. त्यावर पेनाने '१-०-१'. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. अख्खा देश या कोडवर औषधं घेतो. पण 'आठवड्यातून एकदाच' यासाठी या कोडमध्ये जागाच नाही. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये एक अभ्यास छापला. डोकं आणि मानेचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेल्या पेशंट्सना सिस्प्लॅटिनच्या सलाइनपेक्षा स्वस्तातल्या गोळ्यांचा फायदा जास्त आणि त्रास कमी झाला. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या राज्यासाठी केवढी मोठी बातमी! पण त्या गोळ्या कुठल्या? सेलेकॉक्सिब रोज दोनदा, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. दोन्ही एकाच पिशवीत. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस जाऊ शकतो. संधिवात आणि सोरायसिसवालेही हीच गोळी आठवड्याला घेतात, आणि हा घोळ जगभर होतो. इतका, की युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये पाकिटावर ठळक सूचना बंधनकारक करायचं ठरवलं. आपल्याला तेवढी वाट बघायची गरज नाही. फार्मासिस्टकडून पाकिटावर वार लिहून घ्यायचा. 'फक्त रविवारी'. बस.

दुसरी आपली लाडकी सवय म्हणजे स्ट्रिप कापून घेणं. चारच गोळ्या द्या, उरलेल्या पगार झाल्यावर! कात्री लागली की नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर. तिसरी सवय घरची. आजोबांना गिळता येत नाही म्हणून गोळी खलबत्त्यात कुटायची आणि मधातून चाटवायची. केमोच्या गोळीबाबत हे करायचं नाही म्हणजे नाही. पूड हवेत उडते, कुटणाऱ्याच्या नाकात जाते, आणि त्याच खलबत्त्यात उद्या लसूण ठेचला जातो. ज्याचं तोंडच आजारी आहे किंवा ज्याला नाकातून नळी आहे, त्याची अडचण खरी असते. इमॅटिनिबसारखी एखादी गोळी पाण्यात विरघळवून देता येते, पण ही सवलत सरसकट नाही. म्हणून आधी विचारायचं. आणि घरात कोणी प्रेग्नंट असेल तर या गोळ्यांना तिने उघडा हात लावायचा नाही. प्रोस्टेटसाठीच्या ॲबिरॅटेरॉनच्या माहितीपत्रकात तर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पेशंटने उलटी केलेली चादर बाईंच्या ढिगात टाकण्याआधीही हे आठवू द्या. ती वेगळी, हातमोजे घालून धुवायची.

औषधाबद्दल पेशंटशी बोलणं ही फार्मासिस्टची मेहेरबानी नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ते त्याचं काम म्हणूनच लिहिलंय. प्रत्यक्षात बऱ्याच दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर आणि काउंटरवर बारावी पास पोऱ्या. तो बिचारा तरी काय सांगणार? पण आपणही कमी नाही. 'लवकर द्या हो, ट्रेन आहे' म्हणणारे आपणच. डिस्काउंट किती, हे विचारतो. उपाशीपोटी की जेवून, हे विचारत नाही. निलोटिनिब घेणाऱ्याने डोसच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नसतं. इमॅटिनिब मात्र जेवणाबरोबर. दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या ल्युकेमियाची, नियम उलटे. पपनस दोघांनाही वर्ज्य. आता हे ॲपवरच्या 'डिलिव्हर्ड'च्या मेसेजमध्ये कुठून कळणार? ॲपवरूनच मागवायचं असेल तर निदान पहिल्या महिन्याची औषधं काउंटरवर जाऊन घ्या, असं माझं मत आहे.

राहता राहिल्या उरलेल्या गोळ्या. डॉक्टरांनी मावशीचा डोस मध्येच कमी केला आणि दीड स्ट्रिप उरली. हजारोंचा माल, फेकवत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गरजूंना द्या' म्हणून टाकू, असं मामाने सुचवलं. मनाने चांगलंच आहे ते. पण आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, मे महिन्यात कपाटात हात घातला तर भाजतो. आणि अर्ध्या स्ट्रिपवर औषधाचं नावही धड उरलं नव्हतं. टॉयलेटमध्ये टाकायच्या नव्हत्याच, ओल्या कचऱ्यातही नाही. शेवटी मावशीने त्या झिपलॉकमध्ये भरल्या आणि पुढच्या तपासणीला हॉस्पिटलच्या फार्मसीत नेऊन दिल्या. तिथल्या माणसाने रजिस्टर उघडलं, मोजल्या आणि तिच्याकडून सही घेतली.